पूर्ण दशांश

३ ऑगस्ट, रविवार

मावशी आज पडली. उपासनेत, अर्पणाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत. पाकीट घेऊन पुढे येत होती आणि डाव्या बाजूचा बाक तिला दिसलाच नाही. गुडघा आपटला, पाकीट बाकाखाली गेलं. चार जण तिला उचलायला धावले. ती आधी पाकीट शोधत होती.

जिने पुसायचं काम करते – तीन इमारती, सकाळी सहापासून. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मंडळीत लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. अंगानं काटक. अशी सहज पडणाऱ्यातली नाही.

विचारलं, "मावशी, बाक दिसला नाही?"

"बाक कुठे जातोय? तिथेच असतो. माझंच लक्ष नव्हतं."

उपासना संपल्यावर दाराशी मुद्दाम तिच्या डावीकडे उभा राहिलो. हात पुढे केला. तोही तिला दिसला नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं. नको म्हणाली. नेणारच.

४ ऑगस्ट, सोमवार

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला. डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं – गेली ती नजर परत येत नाही. उजवा वाचेल, पण थेंब रोज घातले तर. मग जुना कागद काढला. तीन वर्षांपूर्वी याच बाईंनी मावशीला हेच थेंब लिहून दिले होते.

"कधी बंद केलेत?"

"दोन वर्षं झाली."

"का?"

"महिन्याचं बसत नव्हतं."

बाहेर येऊन मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तिनं सरळ उत्तर दिलं, कुरकुर नाही की तक्रार नाही. पगार हातात आला की पहिला दहावा भाग बाजूला. मग भाडं. मग किराणा. थेंबांची पाळी शेवटी यायची, तोवर हात रिकामा.

"तुम्हीच सांगता ना, आधी प्रभूचं, मग घरचं. उलटं केलं की घरचंही टिकत नाही."

सांगतो. दर वर्षी सांगतो. चांगलं रंगवून सांगतो.

घरी येऊन हिला सांगितलं. माझी बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. ऐकून म्हणाली, "यायची बंद झाली तेव्हा मला वाटलं, दुसरीकडून घेत असेल. मी विचारलंसुद्धा नाही." तिचं एवढंच चुकलं. माझं काय?

५ ऑगस्ट

चर्चच्या दारात फळा आहे. वर मोठ्या अक्षरांत 'पूर्ण दशांश'. खाली, वर्षभरात एकही महिना न चुकवणाऱ्यांची नावं. मावशीचं नाव सात वर्षं पहिलं. अक्षर माझं.

७ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस वाचतोय. एकवीस वर्षं जे शिकवलं तेच, पण ओळीवर बोट ठेवून, काही न गाळता.

जुन्या करारातला दशांश धान्याचा, तेलाचा, कळपाचा. ज्याची जमीन, त्यानं द्यायचा. आणि जायचा कुणाला? ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही त्या, मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना, परक्यांना, अनाथांना, विधवांना. विधवांना! हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळाले होते. मावशीनं तो द्यायचा नव्हताच. तिला तो मिळायचा होता.

आणि पेटीत दोन दमड्या टाकणारी ती गरीब विधवा. तिच्यावर किती वेळा बोललो असेन, गणती नाही. सुरुवात नेहमी तिच्यापासून. आज थोडं वरून वाचायला घेतलं. तिथे प्रभू सांगतो, लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्यांपासून सांभाळा. त्यानंतर लगेच ती विधवा येते. त्या वरच्या ओळीवर मी एकदाही बोललो नाही.

प्रेषित पौल म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं आणि द्यावं – कुरकुरत नको, कुणी भाग पाडलं म्हणून नको. आकडा नाही. आकडा मी घातला, कारण आकडा शिकवायला सोपा. आणि इथे तरी खोटं कशाला लिहू – माझा पगार त्याच आकड्यातून येतो.

रविवारी बोलणार.

१० ऑगस्ट, रविवार

बोललो नाही. क्षमेवरचा जुना संदेश काढून वाचला. भित्रा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आधी खजिनदाराला सांगायचं ठरवलं. पाठीमागून वार नको. त्याचं टायरचं दुकान आहे. थप्प्यांच्या मधे दोन स्टुलांवर बसलो. पंधरा वर्षांचा स्नेह. सगळं ऐकून घेतलं त्यानं, फडक्यानं हात पुसत. काळे नव्हते तरी पुसत राहिला.

"मावशीचं वाईट झालं," म्हणाला. "तिच्या थेंबांचं मंडळी बघेल. या महिन्यापासून. मी स्वतः बघतो. पण त्यासाठी दशांश कशाला मोडता?"

"चुकीचा शिकवला मी."

"मला नाही चुकीचा शिकवलात. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती, आठवतं? जेवढं येत होतं तेवढं पीत होतो. तुम्ही म्हणालात, आधी दहावा काढ, मग बघू. काढला. दहावा काढायचा तर कमाई किती ते कळायला हवं, म्हणून वही घातली. वही घातली म्हणून बाटली दिसली. माझं घर त्या दहाव्यानं उभं केलंय, पास्टर. आता मुलांना काय सांगू, तो नियमच नव्हता?"

त्याचं खोटं नाही.

"तुम्ही आनंदानं देता. देत राहा," मी म्हणालो. "पण न देणाऱ्याला शाप लागतो असं मी पुलपिटावरून सांगितलंय. त्या भीतीनं मावशीनं डोळा दिला."

"छताचं काम निघालंय. विजेचं बिल आहे. तुमचा पगार आहे. ज्या फांदीवर बसलाय तीच तोडताय."

"झाड मावशीच्या अंगणातलं आहे."

त्यानं फडकं खाली टाकलं. "मित्र म्हणून सांगतो. बोलू नका."

"मित्र म्हणूनच आधी तुमच्याकडे आलो. बोलणार आहे."

१३ ऑगस्ट

हिला सांगितलं. भांडी घासता घासता ऐकत होती. नळ बंद केला.

"बोला. मी आड येत नाही. पण हे घर चर्चचं आहे. यातली भांडी तेवढी आपली. मला दहा दिवस द्या, खोली बघून ठेवते."

"भीती वाटत नाही?"

"वाटते. पण ते थेंब रोज माझ्या हातून विकले जातात. तोंड कुठे लपवू?"

१६ ऑगस्ट, शनिवार

फळा काढला. चार खिळे होते, एक निघता निघेना. भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा. खजिनदार शब्दाला जागला – मावशीकडे थेंबांचे पैसे घेऊन गेला होता. तिनं दारातूनच परत पाठवला. म्हणाली, "मी देणाऱ्यांतली आहे, घेणाऱ्यांतली नाही."

२४ ऑगस्ट, रविवार

बोललो.

कागद नेला नव्हता. नेला असता तर वाचत बसलो असतो. म्हटलं – "एकवीस वर्षं मी तुम्हाला सांगितलं की दहावा भाग दिला नाही तर घरात शाप येतो. मी चुकलो. ते शब्द आज मागे घेतो. द्या, मनापासून द्या. दहावा द्या, जास्त द्या. जमत नसेल तर कमी द्या, अजिबात नसेल तर हात जोडून बसा, तेही पुरेसं आहे. भाडं आधी भरा. औषध आधी घ्या."

'औषध' म्हटलं आणि सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. मी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच पडली नाही. ती पडताना सगळ्यांनी पाहिली होती, फळ्यावरचं नावही सगळ्यांनी वाचलं होतं. मावशी समोर बघत बसली. पदर नीट केला, बस.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझा कबुलीजबाब, माझं ओझं, माझा पश्चात्ताप – सगळं माझं. ती तिथे बसलेली असेल याचा विचार नाही केला.

दारात हात मिळवायला निम्मे लोक थांबले. एक जोडपं, नवीन लग्न झालेलं, माझा हात बराच वेळ धरून उभं राहिलं. खजिनदार मागच्या दारानं गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार

मावशीला गाठलं, तिसऱ्या इमारतीत. वरून खाली पुसत येत होती. मी खालून वर.

"ओल्यावर पाय देऊ नका," ती म्हणाली. मी चौथ्या पायरीवर थांबलो. ती दहाव्या-अकराव्या पायरीवर असेल.

माफी मागितली. मग थेंबांची बाटली पुढे केली आणि पाकीट. दोन वर्षांत तिनं दिलेलं सगळं, माझ्या बचतीतून.

तिनं पाकिटाकडे पाहिलं. मान पूर्ण डावीकडे वळवावी लागली तिला त्यासाठी.

"देवाला दिलेलं परत करणारे तुम्ही कोण?"

"मावशी, ते मी चुकीचं सांगून—"

"तुम्ही सांगितलंत म्हणून दिलं असं वाटतं तुम्हाला? लोकांचे जिने पुसते मी. कुणाला माझं नाव माहीत नाही. 'ए जिनेवाली' म्हणतात. रविवारी पाकीट ठेवायचे तेव्हा वाटायचं, मीही काहीतरी उभं करतेय. माझ्याही पैशाची एक वीट आहे तिथे. तुम्ही काल सगळ्यांसमोर मला फसलेली बाई करून टाकलंत. डोळा माझा गेला आणि रडताय तुम्ही."

पोचारा पिळला. पाणी काळं होतं.

"थेंब तरी घ्या," मी म्हणालो.

"उरलं तर घेईन. माझ्या पैशांनी. सरका, ती पायरी राहिलीय."

सरकलो. मागे वळून खाली आलो. बाटली खिशात, पाकीट खिशात.

जे बोललो ते खरं होतं. अजूनही खरंच आहे. पण खरं बोलून झालं की माणूस सुटतो असं मला वाटत होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

अर्पण निम्म्यावर. मावशीनं पूर्ण ठेवलं. मला दाखवून.

३ सप्टेंबर

कमिटीनं छताचं काम थांबवलं. माझा पगार या महिन्यापासून अर्धा. खजिनदारानं पत्र स्वतः आणून दिलं, टपालात टाकलं नाही. चहाला बस म्हटलं तर बसला नाही. उंबऱ्यातच म्हणाला, "सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," मी म्हणालो.

मागे फिरायचं नाही. अर्ध्यावर भागलं नाही तर कामाला जाईन. पौलही सेवा करता करता पोटासाठी तंबू शिवायचा.

८ सप्टेंबर, सोमवार

काम मिळालं. लाँड्रीची गाडी. हॉस्पिटलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. पहाटे पाच ते अकरा. लाँड्रीवाला म्हणाला, "पास्टर आहात, म्हणजे शिव्या देणार नाही, सुट्टी मागणार." म्हटलं, फक्त रविवार. हसला.

पाठ मोडलीय. पण एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या पाकिटाकडे न बघता झोपतोय.

१३ सप्टेंबर

हिला विचारलं, मावशी दुकानात आली होती का. नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा विचारलं. नाही. ही म्हणाली, "रोज विचारू नका. मी बाटली बाजूला काढून ठेवलीय. मी काउंटर सोडून तिच्या मागे जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. तिला चालत येऊ द्या."

२८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर नोटीस वाचून दाखवली गेली. १२ ऑक्टोबरला सर्व सभासदांची सभा. विषय एकच – पाळकांना सेवेतून मोकळं करणे. 'मोकळं करणे' हा शब्द खजिनदाराचा असणार. सभ्य माणूस आहे.

संध्याकाळी त्या नव्या जोडप्यातला नवरा आला, बायकोला घेऊन. म्हणाला, "तुम्ही थोडं मागे घ्या. म्हणा की दशांश चांगला, पण सक्ती नको. सगळे मान्य करतील." मी म्हणालो, तेच तर म्हटलं होतं. तो म्हणाला, "हो, पण तुम्ही 'मी चुकलो' म्हणालात. ते लोकांना सहन होत नाही." विचार केला. त्याचं बरोबर असेल. पण तोच तर शब्द मागे घेता येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा संदेश ठरू शकतो, म्हणून काही खास बोललो नाही. परक्या शेतात सरवा वेचणाऱ्या विधवा रुथवर बोललो. लोक ऐकत होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

सभा झाली.

चोवीस जण. मला मत नाही, म्हणून तेवीस. हात वर करून मतदान. खजिनदार उभा राहिला, पाच मिनिटं बोलला. माझ्याविरुद्ध एक वाईट शब्द नाही. त्याची जुनी गोष्ट सांगितली, कुलपाची, बाटलीची. मग म्हणाला, "हा माणूस मला वडिलांसारखा. पण नियमाशिवाय मी बुडालो असतो, आणि हे घरही बुडेल." मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, जे बोललो ते बोललो, त्यात भर नाही.

मला ठेवावं – अकरा हात. ही सभासद आहे, तिनं हात वर केला नाही. आधीच सांगितलं होतं, "माझा पोटापाण्याचा संबंध आहे, मला मोजणीत धरू नका." म्हणजे बावीस उरले. मनात हिशेब केला. अकरा-अकरा. बरोबरी झाली तर मी राहतो, असा नियम आहे.

मोकळं करावं – दहा हात. मग तिसऱ्या बाकावरून अकरावा. मावशी. सरळ, खांद्याच्या वर, बोटं ताठ.

अकरा-अकरा. एवढं होऊन मी राहत होतो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला आनंद नाही, कुणाला दुःख नाही. खजिनदार कागदावर काहीतरी लिहून खोडत होता.

मी उठलो. म्हटलं, "राजीनामा देतो."

ही माझ्याकडे बघत होती. चकित नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर मावशी थांबली होती. "हात द्या. डावीकडून चला, तिकडचं दिसत नाही."

हात दिला. दोन पायऱ्या उतरल्यावर तिनं विचारलं,

"माझा हात दिसला?"

"दिसला."

"राग आला?"

"नाही."

"यावा. तुम्ही खरं बोलला असाल, मावशीला काय कळतंय. पण एका तोंडानं सात वर्षं एक ऐकलं. त्याच तोंडातून आता दुसरं ऐकवत नाही मला. दुसऱ्या कुणी सांगितलं तर कदाचित ऐकेन. म्हणून हात केला."

"म्हणूनच मी उठलो," मी म्हणालो. खरं तर उठताना मला ते ठाऊक नव्हतं. ती बोलल्यावर कळलं.

शेवटच्या पायरीवर तिनं माझा हात सोडला आणि एकटी चालायला लागली, भिंतीच्या कडेनं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

घर सोडलं. लाँड्रीच्या वर एक खोली, स्वयंपाकाला कोपरा. खालून दिवसभर वाफ येते, भिंती कोमट असतात. लाँड्रीवाल्याच्या गाडीतून सामान आणलं, दोन फेऱ्यांत झालं. खजिनदार आला होता. न सांगता. कपाटाचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. जिन्यात वळण अवघड होतं. "तिरकं घ्या, तिरकं," एवढंच बोलला. जाताना खांद्यावर हात ठेवला.

चर्चला नवा पाळक येतोय म्हणे. तरुण आहे. त्याला पत्र लिहिलं – मंडळीत एक मावशी आहे, तिला दशांशाबद्दल तुम्ही सांगा, माझं नाव काढू नका. काय सांगायचं ते लिहिलं नाही. तोही वाचत असेलच.

मी आणि ही, आम्ही बसू मागच्या बाकावर. ऐकू.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मावशी आली. जिना चढून, कठडा धरून. खोलीभर नजर फिरवली, मान वळवून वळवून. मग कमरेचा रुमाल सोडला आणि घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"तुमच्याकडे आता ना घर, ना जमीन. नवे पास्टर म्हणाले, दशांश असल्यांसाठीच असतो. खरं ना?"

"मावशी, मी नाही घेणार."

"आनंदानं देतेय. आनंदानं देणाऱ्याचं घ्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय? की नुसतं सांगायला सोपं होतं?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बुधवारी थेंब नेले त्यांनी. दोन बाटल्या."

"आधी थेंब," मावशी म्हणाली. "मग जे उरलं त्यातला. थोडाच आहे."

घेतला.